इंग्रजी येते, पण बोलता येत नाही : संवादात्मक अध्यापनपद्धती कोठे अडते?

अल बर्शा, दुबई : गेल्या वर्षी एका पालकसभेला मी शेजारणीबरोबर गेले होते. तिचे यजमान कामानिमित्त अबुधाबीत अडकले होते आणि एकटीने जायचा तिला धीर होत नव्हता. बाई सोलापूर जिल्ह्यातल्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे एम. कॉम. दहावीला इंग्रजीत 74 गुण. वर्गशिक्षिका आयर्लंडच्या, स्वभावाने गोड. त्यांनी विचारले, मुलगा घरी आपणहून वाचायला बसतो, की त्याच्या मागे लागावे लागते? प्रश्न शेजारणीला नीट समजला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. ओठ हलले, वाक्य जुळू लागले आणि तेवढ्यात आठ वर्षांच्या चिरंजीवांनी आईच्या वतीने फर्डे उत्तर देऊन टाकले. पुढचे तिन्ही प्रश्न शिक्षिकेने मुलालाच विचारले.

मेट्रोच्या स्थानकाकडे परतताना ती म्हणाली, “ताई, मला सगळं कळत होतं हो. कर्ता, क्रियापद सगळं डोक्यात लावून होत होतं. पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो बोलून मोकळा.” चार दिवसांनी शाळेकडून पत्र आले. घरी मुलाचा अभ्यास घेणारे कोणी आहे का, अशी त्यात सौजन्यपूर्ण विचारणा होती. रोज रात्री त्या मुलाकडून पाढे म्हणवून घेणारी, त्याचे गणित तपासणारी बाई ते पत्र दोनदा वाचून गप्प बसली. पत्रातला शब्द न् शब्द तिला कळला होता.

मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत अकरा वर्षे इंग्रजी शिकवले आहे. त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटला नाही. ही बाई माझ्याच वर्गातली विद्यार्थिनी असू शकली असती. आणि त्या अकरा वर्षांत मी जी पद्धत वापरते असे टाचणात लिहीत होते, तिचे नावच मुळी ‘संवादात्मक’ होते. मग संवाद कोठे अडला, हा प्रश्न मला स्वतःलाच विचारणे भाग होते.

पद्धत मुळात कोणासाठी जन्मली?

आपल्या आजोबांच्या पिढीने इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. नियम पाहायचा, शब्द पाठ करायचे, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करायचे. त्या पाठमालेची आज थट्टा होते. पण तिच्यावर वाढलेल्या माणसांनी कचेऱ्या चालवल्या, वकिली केली, वृत्तपत्रे काढली. बोलण्याची गरज थोड्यांनाच होती, लिहिण्याची पुष्कळांना. पुढे 1950 च्या दशकापासून भारतात रचना पद्धतीचा अंमल सुरू झाला. सोप्यापासून कठीणाकडे क्रमाने लावलेल्या वाक्यरचना, त्यांची वर्गाने एकसुरात पुनरावृत्ती. ‘धिस इज अ पेन, दॅट इज अ बुक’ असे चाळीस जणांनी हातात पेन धरून म्हणायचे. पेन सर्वांना दिसत असताना ते पेन आहे हे कोणाला सांगायचे होते, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नसे.

तो प्रश्न 1970 च्या दशकात विचारला गेला. अमेरिकी भाषामानवशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी मांडले की, व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे म्हणजे भाषा येणे नव्हे. कोठे, कोणाशी, केव्हा, काय बोलावे आणि काय बोलू नये हेही ज्याला कळते त्याला भाषा येते. या क्षमतेला त्यांनी संप्रेषणक्षमता म्हटले. त्याच सुमारास युरोप परिषदेच्या पुढाकाराने, एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्या प्रौढांसाठी भाषेचे अभ्यासक्रम आखले जात होते. डेव्हिड विल्किन्स यांनी 1976 च्या पुस्तकात अभ्यासक्रमाची मांडणी काळ-वचनांऐवजी विनंती करणे, नकार देणे, वेळ सांगणे अशा भाषिक कार्यांभोवती करावी, असे सुचवले. हेन्री विडोसन यांचे पुस्तक 1978 चे. संवादात्मक पद्धतीचा पाया हा असा घातला गेला.

यातली एक गोष्ट आपल्या लक्षात राहायला हवी. ही पद्धत ज्यांच्यासाठी आखली गेली तो विद्यार्थी प्रौढ होता, स्वखुशीने व बहुधा फी भरून आलेला होता, पंधरा-वीस जणांच्या वर्गात बसणारा होता आणि वर्ग सुटताच रस्त्यावर त्याला तीच भाषा ऐकू येत होती. अॅड्रियन हॉलिडे या अभ्यासकाने 1994 मध्ये नेमके यावर बोट ठेवले. ब्रिटन-अमेरिकेच्या खासगी भाषावर्गांत पिकलेली पद्धत इतर देशांच्या सरकारी शाळा-महाविद्यालयांत जशीच्या तशी लावली, तर ती तेथे रुजत नाही, आणि दोष मात्र तिथल्या शिक्षकाच्या माथी येतो, असे त्यांचे म्हणणे. आंब्याचे कलम कोकणातून आणून वाळवंटात लावायचे आणि मग माळ्याला बोल लावायचा, त्यातलाच हा प्रकार.

तासिका पस्तीस मिनिटांची, मुले साठ

आता माझा जुना वर्ग डोळ्यांपुढे आणा. साठ मुले, बाकावर तिघे, तासिका पस्तीस मिनिटांची. हजेरी, वह्या, फळा पुसणे यांत पाच मिनिटे गेली असे धरले, तर उरतात तीस. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलायला लावले तर वाट्याला येतो अर्धा मिनिट, आणि तोही शिक्षक स्वतः एक शब्द बोलला नाही तर. म्हणून जोड्यांचे आणि गटांचे काम. कागदावर हे गणित फार छान सुटते : तीस जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या की प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतात.

प्रत्यक्षात काय होते? तीस जोड्या बोलू लागल्या की पहिली दोन मिनिटे इंग्रजी, मग मराठी, मग कालच्या क्रिकेटच्या सामन्याची चर्चा. मुलांचा यात दोष नाही. समोर बसलेल्या मित्राशी ज्या भाषेत आपण रोज भांडतो ती सोडून, तीच गोष्ट दुप्पट कष्टाने दुसऱ्या भाषेत सांगायची, हे त्यांच्या दृष्टीने निव्वळ नाटक असते. संवादात्मक पद्धतीचा गाभा असा की एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसावी, म्हणजे बोलण्याला कारण मिळते. पण दोघांनाही येणारी एक भाषा हजर असताना ती माहिती इंग्रजीतूनच का द्यावी, याचे कारण कोणतीही कृतिपुस्तिका देऊ शकत नाही. त्यात मुलगा-मुलगी अशी जोडी लावली तर दोघेही तासभर बाकाकडे पाहत बसतात. आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन विचारतात, “मॅडम, वर्गावर कुणी आहे का नाही?” गलबला म्हणजे शिस्त सुटली, हा आपल्या शाळांचा जुना निकष आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनीही माझ्या वर्गाच्या गलबल्याकडे त्याच नजरेने पाहिले होते, आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी मी मुकाट्याने ‘अॅक्टिव्ह-पॅसिव्ह’ घेतले.

शिक्षकाचीही एक अडचण असते, आणि ती उघडपणे बोलली जात नाही. व्याकरणाचा धडा शिकवताना काय विचारले जाईल हे शिक्षकाला आधीच ठाऊक असते. मोकळा संवाद सुरू झाला की मूल काहीही विचारू शकते. शेतातल्या कुळवाला इंग्रजीत काय म्हणतात, ‘कंटाळा येतो’ आणि ‘जिवावर येते’ यांतला फरक इंग्रजीत कसा करायचा? जो शिक्षक स्वतः मराठी माध्यमात शिकला, ज्याला वर्गाबाहेर इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आठवड्यात एकदाही येत नाही, त्याच्यासाठी हे चाळीस-साठ मुलांपुढे उघडे पडणे असते. मग तो गाईडकडे वळतो. मी वळले आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत काही केलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवली जाई, पुढे ती पाचवीपासून आली. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली आणि सुरुवातीच्या इयत्तांत ऐकण्या-बोलण्यावर भर देण्याचे ठरले. 2016 मध्ये महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ हा उपक्रम सुरू केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे वरून येणाऱ्या तज्ज्ञाचे भाषण ऐकण्याऐवजी परिसरातल्या शिक्षकांनी नियमित एकत्र जमावे, एकमेकांशी इंग्रजीतून बोलावे आणि आपल्या वर्गातल्या अडचणी मांडाव्यात, अशी त्याची रचना होती. शिक्षकाला बोलण्याचा सराव नसेल तर तो मुलांना काय देणार, हे निदान कोणाच्या तरी ध्यानात आले.

बंगळूरचा धडा

या सगळ्यात एक भारतीय प्रयोग असा आहे की ज्याचा उल्लेख जगभरच्या भाषाध्यापनाच्या पुस्तकांत येतो आणि आपल्याकडे मात्र बी. एड. झालेल्यांनाही तो क्वचितच माहीत असतो. डॉ. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास आणि कडलूर येथील सर्वसाधारण शाळांतल्या काही वर्गांत तो केला. ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने तो ओळखला जातो. व्याकरणाचा अभ्यासक्रम त्यांनी बाजूला ठेवला. त्याऐवजी मुलांपुढे कोडी ठेवली : रेल्वेचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, नकाशावरून वाट शोधा, नियम वाचून कोण पात्र ठरतो ते सांगा. मन अर्थाशी झुंजत असताना भाषा आपोआप मुरते, हा त्यामागचा विश्वास. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर ते कोडे योग्य कठीण, असा त्यांचा साधा ठोकताळा होता.

गंमत अशी की प्रभूंनी गटकार्य जवळजवळ टाळलेच. आधी शिक्षकाने साऱ्या वर्गासमोर एक कोडे प्रश्नोत्तरांतून सोडवायचे, मग तसेच दुसरे प्रत्येकाने आपापले सोडवायचे. मुले आपसांत बोलली तर एकमेकांचेच अर्धेकच्चे इंग्रजी पक्के होईल, ही त्यांची धास्ती होती. साठ मुलांच्या वर्गासाठी हा मार्ग जोड्यांच्या कामापेक्षा कितीतरी व्यवहार्य आहे. संवाद म्हणजे तोंडाची हालचाल नव्हे; शांत बसलेले मूल वेळापत्रकाशी झगडत असेल तर तेही भाषेत काम करतेच आहे.

अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस यांनी या प्रकल्पाचे मूल्यमापन केले, ते 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकल्पातली मुले अर्थाच्या आणि नव्या परिस्थितीत भाषा वापरण्याच्या कसोट्यांवर सरस ठरली. नेहमीच्या वर्गातली मुले रचनांच्या कसोटीवर. म्हणजे जे शिकवले ते आले. पुढे बेरेटा यांनीच दाखवले की शाळांतल्या नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत पेलणे जड गेले. बाहेरून आलेल्या, तज्ज्ञ म्हणता येतील अशा शिक्षकांना ती अधिक जमली. प्रभूंनी 1990 मध्ये एक लेख लिहिला, त्याचा आशय असा की सर्वोत्तम अशी पद्धत नसतेच. शिक्षकाला स्वतःला जे पटलेले असते, त्याच्या जिवंतपणावर सगळे अवलंबून असते. ज्याने नवी पद्धत उभी केली त्यानेच हे म्हणावे, याला मोठे मन लागते.

वीस गुणांचा प्रश्न

आणि शेवटी परीक्षा. महाराष्ट्रातल्या पालकांना 2019 चा दहावीचा निकाल आठवत असेल. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले वीस गुण काढून टाकण्यात आले होते. आदल्या वर्षीचा 89.41 टक्क्यांचा निकाल एकदम 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 80-20 ची जुनी विभागणी परत आणण्याचा निर्णय झाला. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला.

या साऱ्या वादात वीस गुण असावेत की नसावेत यावर भरपूर बोलले गेले. ते गुण ज्याच्यासाठी होते त्या तोंडी परीक्षेत मूल नेमके काय बोलते, हे फारसे कोणी विचारले नाही. कारण उत्तर सर्वांना माहीत होते. तोंडी परीक्षेत मूल नाव सांगते, गावाचे नाव सांगते, पाठ केलेली आठ वाक्ये म्हणते आणि सतरा-अठरा गुण घेऊन बाहेर पडते. मीही दिले आहेत. शाळेचा निकाल, शेजारच्या शाळेशी स्पर्धा, मुलाचा अकरावीचा प्रवेश. हात आखडता कसा घेणार? लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात आणि तिच्यात संवादलेखनही असते. पण संवाद लिहिणे आणि संवाद करणे यांत, पोहण्यावर निबंध लिहिणे आणि विहिरीत उडी मारणे यांत असावे तेवढेच अंतर आहे. जे परीक्षेत खरेपणाने मोजले जात नाही ते वर्गात शिकवले जात नाही. याला शिक्षकाची आळशी वृत्ती कारण नाही; मर्यादित वेळात तो मुलाच्या हिताचेच पाहत असतो.

मराठी मनाचा शिष्टाचार

आतापर्यंतच्या अडचणी व्यवस्थेच्या झाल्या. एक अडचण मात्र आपण सोबत घेऊनच विमानात बसतो, आणि तिच्याकडे इथल्या बोलके इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांचेही लक्ष नसते.

मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘सांग’ आणि ‘सांगा’, ‘ये’ आणि ‘या’, ‘बसता का जरा’. एका ‘आ’काराने किंवा ‘जरा’ने आपण नम्र होतो. ‘कृपया’ आपण बोलताना वापरत नाही, तो फलकावरचा शब्द. घरातल्या माणसाने पाणी दिले तर त्याचे आभार मानणे हे आपल्याकडे परकेपणाचे लक्षण. इंग्रजीच्या क्रियापदात हा आदर मावत नाही. तिथे तो ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा आडवळणाने येतो. परिणाम असा की मनात अत्यंत अदबीने ‘सांगा, काय काम होतं?’ म्हणणारा आपला माणूस इंग्रजीत ‘टेल मी, व्हॉट वर्क?’ म्हणतो आणि समोरच्याला तो उर्मट वाटतो. व्याकरणाची चूक लोक माफ करतात. हा उर्मटपणा मात्र चूक म्हणून ओळखूच येत नाही. तो स्वभाव म्हणून नोंदवला जातो. कार्यालयात वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ‘संवादकौशल्य सुधारावे’ असा शेरा ज्यांना मिळाला आहे, त्यांपैकी कित्येकांचे इंग्रजी उत्तम असते.

हाइम्स यांना हेच म्हणायचे होते. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत विनंतीचा धडा येतो तो ‘मे आय कम इन, सर?’ इतकाच. मराठीशी तुलना करून, ‘आपण हे असे म्हणतो, ते लोक असे म्हणतात’ हे सांगितल्याशिवाय तो मनात उतरत नाही. आणि ही तुलना करायला वर्गात मराठी लागते. संवादात्मक पद्धतीच्या नावाखाली ‘वर्गात फक्त इंग्रजी’ हा जो दंडक आला, त्याने सर्वांत मोठे नुकसान इथे केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुबईत इंग्रजी कानावर पडते का?

‘एकदा बाहेर गेलीस की आपोआप बोलायला लागशील’ असे शेजारणीला माहेरी सर्वांनी सांगितले होते. इथे येऊन पाहिले तर काय? या देशाच्या लोकसंख्येत सुमारे नऊ-दशांश परदेशी. इमारतीचा नातूर पाकिस्तानी, किराणा दुकानदार केरळचा, टॅक्सीचालक पेशावरचा, घरकामाच्या मावशी हैदराबादच्या. सर्वांशी हिंदी चालते. केरळच्या दुकानदाराचे हिंदी तर आमच्यापेक्षा सफाईदार. सकाळपासून रात्रीपर्यंत तिला इंग्रजीचा एकही शब्द उच्चारण्याची गरज पडत नाही, आणि ज्या दिवशी पडते त्या दिवशी ती पालकसभाच असते, किंवा दवाखाना, किंवा बँक. म्हणजे सराव शून्य आणि प्रसंग थेट अंतिम सामन्याचा.

भाषेचे वातावरण हे देशावर ठरत नाही. आपल्या दिवसाच्या वाटा कोणत्या माणसांवरून जातात त्यावर ठरते. नोकरी करणाऱ्या नवऱ्याची वाट फिलिपिनो सहकारी, लेबनानी साहेब, ब्रिटिश ग्राहक यांच्यावरून जाते आणि तो दोन वर्षांत बोलू लागतो. घर सांभाळणाऱ्या बायकोची वाट मराठी मंडळ आणि हिंदी बाजार यांच्यातून जाते. मग मुले बापाशी इंग्रजीत बोलतात आणि आईशी बोलताना मध्येच म्हणतात, “जाऊ दे, तुला नाही कळायचं.” हे वाक्य मी अल बर्शातल्या किमान तीन घरांत ऐकले आहे.

दुसरी बाजूही आहे. इथे जे इंग्रजी बोलले जाते ते कोणाचे? फिलिपिनो परिचारिका, इजिप्शियन डॉक्टर आणि मराठी रुग्ण यांच्यातले इंग्रजी हे तिघांचीही मातृभाषा नाही. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की अशा संवादात काही उच्चार चुकले तर अर्थ खरोखर अडतो, आणि कित्येक चुकले तरी काही बिघडत नाही. ‘द’चा इंग्रजी उच्चार जिभेचे टोक दातांत धरून झालाच पाहिजे असे नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मात्र महागात पडतो, कारण ‘शिप’ आणि ‘शीप’ मग एकच होतात. असे असताना इथल्या वर्गांत लंडनच्या ध्वनिफिती ऐकवून लंडनच्याच उपाहारगृहात जेवण मागवण्याचा सराव दिला जातो. शेजारणीने अशा एका वर्गाला दोन महिने फी भरली होती. तिथे खेळ खेळले गेले, टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळाले. मुलाच्या वाचनाविषयी वर्गशिक्षिकेशी कसे बोलावे हे कोणत्याच पानावर नव्हते.

शनिवारची संध्याकाळ

त्या पत्रानंतर आम्ही चौघी शनिवारी संध्याकाळी बर्शा पाँड पार्कमध्ये भेटू लागलो. याला वर्ग म्हणणे अतिशयोक्ती होईल. फेऱ्या मारून झाल्यावर बाकावर बसून केलेल्या गप्पा, एवढेच. पण मी एक ठरवले होते. सुरुवात मराठीतच करायची. ‘या आठवड्यात कोणाशी, काय बोलायची वेळ आली आणि अडलं?’ एकीला दवाखान्यात वेळ बदलून हवी होती, एकीला घरमालकाच्या प्रतिनिधीकडे वातानुकूलन यंत्राची तक्रार करायची होती. आधी ती तक्रार मराठीत नीट मांडायची. मग तिचे तोंडी भाषांतर. होय, तर्खडकरांच्याच वळणाचे. मग दोघींनी ते प्रसंग म्हणून करून पाहायचे, पहिल्यांदा अडखळत, तिसऱ्यांदा जरा सैल. तर्खडकर आणि हाइम्स एकाच बाकावर बसू शकतात, हे मला तिथे कळले. शाळेत कोणी सांगितले नव्हते.

सर्वांत उपयोगी पडली ती एक अगदी लहान गोष्ट. मायकेल कॅनाल आणि मेरिल स्वेन या कॅनडातल्या संशोधकांनी 1980 मध्ये संप्रेषणक्षमतेचे घटक मांडताना त्यांत डावपेचांच्या क्षमतेचाही समावेश केला : शब्द सुचत नसताना संभाषण हातातून निसटू न देण्याची कला. मराठीत आपण ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘कसं आहे बघा’ म्हणत वेळ काढतोच. इंग्रजीत मात्र आपण गप्प होतो, आणि त्या शांततेत दुसरा कोणीतरी बोलून जातो. शेजारणीचे नेमके हेच झाले होते. तिला शब्दही कमी पडले नव्हते, व्याकरणही नाही. तिला तीन सेकंद कमी पडले होते. म्हणून आम्ही ‘वन मोमेंट, प्लीज’, ‘लेट मी थिंक’, ‘हाउ शुड आय पुट इट’ ही तीन वाक्ये इतक्यांदा म्हटली की शेजारून फेऱ्या मारणारे गृहस्थ आमच्याकडे पाहून हसू लागले.

नंतरच्या पालकसभेला मी तिच्याबरोबर गेले, पण दाराबाहेरच थांबले. काचेतून दिसत होते. शिक्षिकेने काही विचारले, चिरंजीवांनी तोंड उघडले, आणि आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने काय सांगितले ते तिनेच नंतर सांगितले : ‘वन मोमेंट, प्लीज. ही इज रीडिंग डेली, बट ओन्ली फुटबॉल बुक्स.’ काळ चुकला होता. शिक्षिका हसल्या, त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न तिलाच विचारला. तो प्रश्न मात्र आयरिश उच्चारांमुळे तिला कळला नाही, आणि पुन्हा मुलाकडे पाहावे लागले. न कळलेले पुन्हा विचारायचे कसे, हे आम्ही घेतलेच नव्हते. ती चूक माझी. येत्या शनिवारी तेच घ्यायचे आहे.